उंबऱ्यातली वायर

तो लॅपटॉप माझ्या माहेरचा होता, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे सांगणार आहे त्यात नणंदेचं घर, नणंदेचं इंटरनेट, नणंदेच्या हातची थालीपिठं असं सगळं तिचंच येणार आहे. निदान लॅपटॉप तरी माझ्या भावाचा होता, एवढं कुणीतरी लक्षात ठेवलेलं बरं.

भाऊ पुण्याला नोकरीला. त्यानं नवा घेतला आणि जुना भाचीला पाठवून दिला. जाडजूड, मांडीवर घेतला तर मांडी भाजावी असा. त्याच्या कडेला एक छोटं सरकतं बटण होतं. ते पुढं सरकवलं की शेजारी निळा दिवा लागायचा, म्हणजे वायरलेस चालू. मागं घेतलं की तोच दिवा केशरी. पण एकदा का इंटरनेटची वायर खोचली, की बटण कुठंही असो, दिवा आपोआप केशरी व्हायचा. आणि वायर काढली तरी तो हट्टानं केशरीच राहायचा. मग बटण एकदा मागं, एकदा पुढं करावं लागे, तेव्हा कुठं निळा. मला वाटलं, भावानं बिघडलेला माल गळ्यात घातला. फोन केला तर तो हसला. म्हणाला, “ताई, बिघडलेला नाही तो. जुन्या मॉडेलमध्ये तशी सोयच केलेली असते. वायर तरी, नाहीतर वायरलेस तरी. दोन्हीकडून एकदम घेत नाही.”

मी “बरं” म्हणून फोन ठेवला. याच एका सोयीपायी पुढं आपला जीव किती जळणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

लेकीची दहावी झाली तेव्हा तिला नांदेडलाच ठेवायचं असं माझं म्हणणं होतं. नांदेडला क्लास नव्हते का? गल्लोगल्ली होते. मी शिकवते त्याच शाळेतले विज्ञानाचे सर नोकरी सोडून क्लासमध्ये शिकवायला गेले होते आणि रस्त्यात भेटले तर गाडीतून उतरल्याशिवायच नमस्कार करायला लागले होते. पण आमच्या घरात एकदा लातूर हा शब्द निघाला की पुढं कुणाचं काही चालत नाही. ह्यांची थोरली बहीण लातूरला असते. ह्यांना आणि मग आपोआप मलाही ती अक्का.

“अक्काचं घर असताना पोरीला दुसरीकडं कशाला ठेवायचं?” हे म्हणाले.

“नांदेडला तिच्या आईचं घर आहे,” मी म्हणाले.

त्यावर ह्यांनी पेपर उघडला. ह्यांनी पेपर उघडला म्हणजे विषय संपला.

लातूर त्या काळात नुसतं उकळत होतं. चौकाचौकांत मोठाले बोर्ड, बोर्डावर पास झालेल्या पोरांचे चौकोनी फोटो, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच घाबरलेलं हसू. ज्याच्या घराला दुसरा मजला होता त्यानं तिथं पोरं ठेवली होती, आणि ज्याला नव्हता तो बांधत होता. पाण्याचा टँकर आला की पोरं पुस्तक हातात धरूनच बादली लावायला पळायची. आमच्या दारात गोदावरी वाहत असताना माझी पोर टँकरच्या गावाला निघाली, हे मी ह्यांना ऐकवल्याशिवाय सोडलं नाही.

अक्कांनीही वरच्या मजल्यावरच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा हैदराबादला, तो दिवाळीला यायचा. त्यांचं ते पक्कं स्लॅबचं घर, पण अक्का स्वतः त्यात राहत नसत. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी एक पत्र्याची खोली करून घेतली होती. त्यांचं झोपणं, चूल, देव, सगळं तिथं. त्र्याण्णवच्या भूकंपात औशाकडचं त्यांचं दगडामातीचं घर बसलं, त्यांच्या सासूबाई गेल्या, तेव्हापासून डोक्यावर जड काही नको म्हणून त्या पत्र्याखालीच. लातुरात याचं कुणाला काही वाटायचं नाही. मला मात्र नेहमी वाटायचं की बाई जरा जास्तच करतात. भूकंपात नांदेडलाही भांडी वाजली होती. आम्ही नाही पत्रे घातले.

इंटरनेटचा डबा खाली हॉलमध्ये होता. तिथून एक वायर खिडकीतून वर काढून लेकीच्या खोलीत दिली होती. मी स्वतः बघून आले होते. हिरव्या रंगाची भिंत, टेबल, टेबलावर माझ्या माहेरचा लॅपटॉप, त्याला खोचलेली वायर. मी म्हटलं, ठीक आहे.

रोज संध्याकाळी क्लास सुटला की ती लॅपटॉपवरून बोलायची. इकडं मी आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर पदर सारखा करून बसायची. पहिले काही महिने चित्र आरशासारखं स्वच्छ. कपाळावरची पुटकुळीसुद्धा दिसायची. “पाणी कमी पितेस,” मी म्हणायची. “मम्मी, तुला तिथून काय काय दिसतं गं,” असं ती म्हणायची आणि मला बरं वाटायचं.

मग एका संध्याकाळी चित्र तुटक यायला लागलं. तोंड हलतंय, आवाज मागून येतोय. कधी अर्धा चेहरा चौकोन चौकोन होऊन जातोय. आणि मागं हिरवी भिंत नव्हती. पत्र्याच्या उभ्या वळ्या दिसत होत्या.

“कुठं बसलीस?”

“आत्याकडं. थालीपीठ लावायल्यात त्या. गरम खाते आणि जाते वर.”

“वायर नाही का लावलेली?”

“इथं वायर नाही येत, मम्मी. बटण पुढं केलंय. येतंय ना थोडं थोडं?”

येत होतं थोडं थोडं. पत्र्यातून त्या लहरी धड जात नाहीत, असं भावानं नंतर सांगितलं. मी म्हटलं, एक दिवस ठीक आहे. पण तो एक दिवस आठवड्यातून दोनदा यायला लागला, मग चारदा. मला आता फोन लागताक्षणीच कळायचं. चित्र स्वच्छ आलं, तर पोर आपल्या खोलीत आहे, वायरवर आहे, माझी आहे. चित्र तुटलं, की ती निळ्या दिव्यावर आहे, पत्र्याखाली, तिकडची. दुसऱ्या कुठल्या आईला नणंदेचा मत्सर मोजायला असं यंत्र मिळालं असेल असं मला वाटत नाही.

हो, मत्सर. उगाच दुसरा शब्द कशाला वापरू? मला जळायला व्हायचं. आणि अक्का स्क्रीनवर कधी पूर्ण येतही नसत, त्यानं तर आणखीच. नुसता हात यायचा. बाजूनं कपबशी घेऊन यायचा, ताट सरकवून जायचा. हिरव्या बांगड्या नाहीत, एक पातळ सोन्याची पाटली, मनगटावर जुना गोंदलेला ठिपका. एकदा तो हात तेलाची वाटी घेऊन आला. माझी लेक, जिनं सातवीपासून मला केसांना हात लावू दिला नव्हता, ती मान खाली घालून बसली. हातानं तेल घातलं, टाळूवर थापटलं, आणि नेमकं तिथं चित्र थिजलं. माझ्या पोरीच्या डोक्यावर तिचा हात, आणि हलायचं नाव नाही. मी “हॅलो, हॅलो” करत बसले. हे आतून म्हणाले, “अगं, बंद करून परत लाव.” मी बंद करून परत लावलं. परत लागलं तेव्हा तेल घालून झालं होतं.

“वायर लाव ना गं,” हे माझं पालुपद झालं. चित्र नीट दिसत नाही, डोळे दुखतात, आवाज कळत नाही, अशी मी कारणं सांगायची. सगळी खरीच होती. फक्त खरं कारण ते नव्हतं.

बारावीच्या वर्षी दिवाळीला ती घरी आली. आल्या आल्या मी बघितलं तर दारातल्या चपला उचलून बाजूला, भिंतीकडं लावून ठेवतेय. लक्ष्मीपूजनाला मी उंबऱ्यावर पणत्या मांडल्या, तर तिनं रांगोळी राहू दिली आणि पणत्या दोन्हीकडच्या कट्ट्यांवर सरकवल्या.

“हे काय?”

“दारात आडवं काही ठेवायचं नाही.”

“कुणी सांगितलं?”

“आत्यानं,” ती म्हणाली आणि पणत्यांत तेल ओतायला लागली. मी त्या पणत्या परत उंबऱ्यावर आणून ठेवल्या. माझं घर आहे म्हटलं.

दिवाळीनंतर तिच्या बारावीचं जोरात सुरू झालं आणि तुटक चित्र रोजचंच झालं. आता ती बोलतही कमी. “बरं चाललंय,” “पेपर झाला,” “ठेवते.” चेहरा बघावा तर नाकाच्या जागी चौकोन. मी मनाशी पक्कं केलं की हे अक्कांचंच काम. पोरीला पत्र्याखाली बसवून घेतलंय, आईशी दोन शब्द धड बोलू देत नाहीत.

मग मला एक युक्ती सुचली. पोर वर यायला तयार नाही ना, मग वायरच खाली नेऊ. नांदेडला कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन मी अंगण ओलांडून पत्र्याच्या खोलीपर्यंत पोचेल एवढी लांब वायर करून घेतली, दोन्ही टोकांना खोचण्या बसवून. करडी, जाडसर, वेटोळं पिशवीत मावेना. शाळेला जोडून सुट्टी आली तेव्हा मी एकटीच लातूरच्या बसमध्ये बसले. ती पिशवी मांडीवर घेऊन मी इतकी खूश होते की अहमदपूरला चहासाठी गाडी थांबली तरी उतरले नाही.

पोचले तेव्हा लेक क्लासला होती आणि अक्का भाजी आणायला गेलेल्या. वरच्या मुलींपैकी एकीनं दार उघडून दिलं. मी आयतीच संधी साधली. डब्यात एक टोक खोचलं, हॉलच्या दारातून वायर बाहेर काढली, तुळशीच्या कडेनं अंगण पार केलं आणि पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरून आत नेली. लेकीची बसायची जागा मला पाठ होती, रोज बघत होतेच. तिथं टोक ठेवलं. मग अक्कांच्याच पाटावर बसून घाम पुसला.

अक्का आल्या. अंगणातच थांबल्या. हातातली पिशवी खाली ठेवली. “कधी आलीस?” एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली वाकल्या. उंबऱ्यातली वायर उचलली आणि हातावर गुंडाळायला लागल्या. गुंडाळत गुंडाळत अंगण ओलांडून हॉलपर्यंत गेल्या, दुसरं टोक डब्यातून उपसलं, आणि सगळं वेटोळं आणून खुंटीला अडकवलं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

“अक्का, पोरीसाठी आणलीय ती. चित्र नीट यावं म्हणून.”

“असू दे. उंबऱ्यात आडवं काही नको मला.”

“वायर आहे नुसती. कुणाला चावते का?”

“नको म्हणलं ना.”

“मग खिडकीतून घेते.”

“खिडकी बी मोकळी पाहिजे.”

इथं माझा तोल गेला. मी म्हणाले, “तुम्हाला वायर नको हे खरं नाही, अक्का. तिनं माझ्याशी नीट बोललेलं तुम्हाला नको.”

अक्का पाटावर बसल्या. भाजी निवडायला घेतली. मेथी होती. काडी अन् पान वेगळं करत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या सासूबाई कशा गेल्या, ठावं हाय का तुला?”

“भिंत पडली.”

“भिंत मागून पडली. आदी मी भाईर आले, माझ्या मागं ह्ये पोराला घिऊन. सासूबाई सगळ्यांच्या मागं. पाण्याची घागर दारात ठिवल्याली. मीच ठिवली होती, सकाळी उठून भाईर न्यायला सोपं जावं म्हणून. त्यास्नी अंधारात दिसली न्हाई. आडखळल्या, अन् उंबऱ्यातच राह्यल्या.” त्यांनी मेथीची एक काडी मोडली. “तवापसनं दारात आडवं काही नको. लोक हसत्यात. हसू दे.”

मी ह्यांच्या घरात सून म्हणून आले त्याच्या आधीची ही गोष्ट. अक्कांच्या सासूबाई गेल्या एवढं मला माहीत होतं. घागरीचं कुणी बोललं नव्हतं. खरं तर इथंच थांबायला हवं होतं, पण अक्का थांबल्या नाहीत.

“अन् त्ये चित्र नीट दिसायचं म्हणत्येस. अगं, नीट दिसू नये म्हणूनच पोर हितं येऊन बसती.”

“म्हणजे?”

“क्लासच्या परीक्षेत नंबर खाली जायलाय. दोन महिनं झालं. हाय त्या गटातनं काढून खालच्या गटात बसवलं तिला. रोज घरी आली की रडती. डोळं हे असं सुजत्यात. वर वायरवर बसली तर तुला समदं दिसतंय म्हणती. हितं धुरकट येतंय, म्हणून हितनं बोलती. बोलून झालं की मग जेवती.”

मेथीची पानं मला दिसेनाशी झाली. सांगायला लाज वाटत नाही, पहिल्यांदा मला पोरीची दया नाही आली. पहिल्यांदा वाटलं ते हे, की हिला माहीत होतं. दोन महिने हिला माहीत होतं आणि मला नाही. मी जिला दुरून बघायला डोळे फोडत होते, तिला माझ्यापासून तोंड लपवायला या बाईनं जागा दिली. वर थालीपीठ दिलं.

“तुम्ही मला का नाही कळवलं?”

“तिनं शपत घातली.”

“तिनं तुम्हालाच का सांगितलं?”

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. “मला कुठं सांगितलं? मला दिसलं. मी हितंच असते न्हवं.”

लेक क्लासहून आली. मला बघून चेहरा आधी फुलला, मग खुंटीवरची वायर बघून उतरला. माझ्याकडं बघून तिनं ओळखलं की मला कळलंय. मी ठरवलं होतं की ओरडायचं नाही. ओरडले नाही. फक्त विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

ती चपला भिंतीकडं लावत होती. पाठमोरीच म्हणाली, “तू लगेच आली असतीस, मम्मी.”

“मग? आईनं यायचं नाही?”

“आली असतीस, सरांना भेटली असतीस, पप्पांशी भांडली असतीस, मला नांदेडला नेलं असतंस. मला नुसतं रडायचं होतं.”

यातलं एकही वाक्य खोडता येण्यासारखं नव्हतं. मी खरंच हे सगळं केलं असतं, अगदी याच क्रमानं. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला परत आले. वायर पिशवीत घालून परत आणली. तिच्या घरात माझी वस्तू खुंटीला लटकत ठेवायला मी तयार नव्हते.

त्यानंतरचे महिने आधीपेक्षा वाईट गेले. आधी चित्र तुटलं की मी जळायची. आता चित्र तुटलं की मला कळायचं, आज रडलीय. आणि कळलंय हे दाखवायचं नाही. मी चौकोन झालेल्या तोंडाशी भाजीच्या दराबद्दल बोलायची, शाळेच्या गॅदरिंगबद्दल बोलायची, माहूरला गेलेल्या शेजारणीनं आणलेल्या प्रसादाबद्दल बोलायची. “वायर लाव” हे शब्द जिभेवर यायचे आणि मी ते गिळायची. मधूनच एखाद्या दिवशी हिरवी भिंत दिसायची, पुटकुळी दिसायची. त्या दिवशी मी ह्यांना न मागता दुसरा चहा द्यायची. आणि रोज, न चुकता, वाटायचं की मी इथं अंदाज करतेय आणि तिकडं ती पाटली घातलेला हात पाठीवरून फिरतोय. जळणं काही कमी झालं नाही. त्याला आता फक्त तोंड उघडता येत नव्हतं.

पोर पुन्हा नंबरात वर आली. कशी आली ते तिचं तिला ठाऊक. मेडिकलला लागली. निकालाच्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीनं लातूर गाठलं, तरी क्लासवाल्यांनी आधीच हार घालून, पेपरवाल्यांना बोलावून सगळं उरकलं होतं. फोटोचं शेवटचं चाललं होतं. मी धावत जाऊन शेजारी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधे माझी लेक, तिच्या तोंडात पेढा घालणारा पाटलीवाला हात, आणि या खेपेला हातामागं अक्का पूर्ण. माझा एक खांदा आणि अर्धं कानातलं. खाली छापलं होतं, पेढा भरवताना आई.

हे हसता हसता खोकायला लागले. अक्कांचा फोन आला, “पेपरवाल्यास्नी काय कळतंय, मनावर घिऊ नको.” मी म्हणाले, “छे, मी कशाला मनावर घेऊ!” तो पेपर मी पोळीच्या डब्याखाली अंथरला, शब्दांची बाजू खाली करून.

आता शेवटचं सांगते.

लेक मेडिकल कॉलेजच्या होस्टेलला गेली आणि पहिल्याच सुट्टीला घरी आली. ती येणार म्हणून मी तयारी केली होती. तोपर्यंत आमच्याकडंही वायरलेसचा डबा आला होता, पण तो हॉलमध्ये, आणि तिच्या खोलीत त्याचं काही पोचत नव्हतं. मी माळ्यावरून ती करडी वायर काढली. लातूरला जी लागली नाही, ती माझ्या घरी लावायला मला कुणाची परवानगी नको होती. डब्यातून काढून तिच्या खोलीच्या उंबऱ्यावरून आत, थेट तिच्या टेबलापर्यंत. पोर आली, लॅपटॉप उघडला, वायर खोचली, दिवा केशरी झाला. मी दारातून बघून घेतलं आणि शेंगांचं सूप घेऊन सोलायला हॉलमध्ये येऊन बसले. हे बाहेर गेले होते.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. बोलत होती ती अक्कांशीच. घरी येऊन तास झाला नाही तोवर. अक्कांच्या मुलानं त्यांना फोन घेऊन दिला होता, त्यात चेहरा दिसायचा. मी शेंगा जरा जोरात फोडायला लागले. वायरीवर असल्यामुळं आवाज खणखणीत येत होता, एक शब्द सुटत नव्हता. खाल्लंस का, वाळलीस का, सगळं माझं विचारून झालेलं.

मधेच अक्का थांबल्या. “तुज्या मागं दारात त्ये आडवं काय हाय?”

“वायर आहे, आत्या.”

“उंबऱ्यात?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेक लॅपटॉप उघडाच हातावर घेऊन बाहेर आली, तो माझ्या शेजारी ठेवला, दोन्ही टोकांची वायर उपसली, हातावर गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली. अगदी तशीच गुंडाळली, कोपरापासून अंगठ्यापर्यंत. मग ती माझ्या शेजारी दिवाणावर येऊन बसली आणि ते बटण एकदा मागं, एकदा पुढं केलं. निळा दिवा लागला. अक्का परत आल्या, तुटक तुटक.

“आता कुठं बसलीस?”

“मम्मीजवळ. इथंच येतंय फक्त.”

“हां. मग तिथंच बस.” आणि फोन बंद झाला.

माझी पोर माझ्या घरात माझ्याजवळ बसली, ती त्या बाईनं सांगितलं म्हणून. मी ते सूप तिच्या अंगावर फेकायचं बाकी ठेवलं होतं. तेवढ्यात तिनं लॅपटॉप मिटला, सुपातली एक शेंग उचलली, फोडली, पण खाल्ली नाही.

“मम्मी, मला होस्टेलवर अजिबात करमत नाही गं,” ती म्हणाली. आवाज फुटला. मी वळून बघितलं. डोळे भरलेले, नाक लाल, कपाळावर पुटकुळी. सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी उठले नाही. ह्यांना फोन लावला नाही, होस्टेलच्या बाईंचा नंबर विचारला नाही, “चल, घरी ये” म्हणाले नाही. हात शेंगांच्या फोलपटांनी मळलेला होता, तो पदराला पुसून तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं ठेवू दिला. ती रडत राहिली आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. गप्प बसायचं असं मी मनोमन शंभरदा बजावलं होतं, तरी तोंडातून गेलंच.

“आत्याला सांगितलंस का हे?”

तिनं नाक पुसलं. “नाही अजून. तुलाच सांगितलं.”

“बरं,” मी म्हणाले, आणि तेलाची वाटी आणायला उठले.